नवव्या दिवसाचा चौकोन

सप्टेंबर संपत आला की आमच्या डॉक्टरांच्या सर्जरीतून, म्हणजे इथल्या दवाखान्यातून, मेसेज येतो: फ्लूची लस घ्यायला या, शनिवारी सकाळी, बाही सहज वर करता येईल असा शर्ट घालून. मला शुगर आहे, त्यामुळे यादीत माझं नाव दरवर्षी असतं. लीड्समध्ये पानगळ आली हे मी झाडांकडे बघून नाही, त्या मेसेजवरून ओळखतो. रांगेत सगळे माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे. जाड कोट काढून हातावर घेतलेले, आत अर्ध्या बाह्यांचे उन्हाळी शर्ट, आणि बाहेर अकरा डिग्री.

यंदाची नर्स नवी होती, पंचविशीची असेल. माझ्या डाव्या दंडाशी तिचा हात थांबला.

"हे काय? भाजलं होतं?"

"स्मॉलपॉक्सची लस. लहानपणी टोचलेली."

तिने खुर्ची पुढे ओढून नीट पाहिलं. वाटाण्याएवढा गोल खळगा, कडेने बारीक रेघा. "मी हे फक्त पुस्तकात पाहिलंय," ती म्हणाली, आणि त्या खळग्याच्या दोन बोटं खाली सुई टोचली.

घरी येताना सीटबेल्टखाली दंड ठणकत होता आणि मी गेल्या वर्षीच्या पानगळीत जाऊन बसलो होतो. ते दिवस मला आठवावे लागत नाहीत. त्यांची वही आहे.

आमची मुलगी ईशा अठ्ठावीस वर्षांची. इथेच जन्मली, एडिनबरामध्ये सार्वजनिक आरोग्य शिकली. साथीच्या आजारांची मोजणी हे तिचं काम. कोण आजारी पडलं, कुठे, कधीपासून, त्याच्या जवळ कोण कोण होतं, हे गोळा करायचं आणि लस, औषधं, माणसं कुठे पाठवायची ते त्यावरून सांगायचं. गेल्या वर्षी ऑगस्टपर्यंत एमपॉक्सची साथ काँगोतून शेजारच्या देशांत पोचली, जागतिक आणीबाणी जाहीर झाली, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईशा दहा आठवड्यांसाठी काँगोच्या पूर्वेकडच्या एका जिल्ह्यात गेली.

एमपॉक्स हा देवीच्या कुळातला आजार. ताप येतो, गाठी सुजतात, मग अंगावर फोड येतात, तळहातांवरसुद्धा. जवळच्या स्पर्शाने पसरतो. देवीइतका जीवघेणा नाही, पण लहान मुलांना फार सोसावं लागतं. हे सगळं ईशाने मला जाण्याआधी शांतपणे समजावून सांगितलं. मी मान डोलावत होतो आणि डोळ्यांपुढे माझी आत्या होती.

आत्या कराडला आमच्या शेजारच्याच घरात राहायची. तिचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता आणि डावा डोळा पांढरा. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, असं आईने आम्हाला शिकवलं होतं. आत्याला ते माहीत होतं. ती मुद्दाम माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि म्हणायची, "बघ रे. नीट बघून घे. परत कुठे बघायला मिळणार नाही." मी चार-पाच वर्षांचा असताना घरोघर माणसं यायची. त्यांच्या हातात एका मुलाचा फोटो असायचा, अंगभर फोड आलेल्या. असं कुणी दिसलंय का, विचारायचे, घरातली माणसं मोजायचे आणि जाताना दाराशेजारी भिंतीवर गेरूने काहीतरी आकडे लिहायचे. फोटो मला आठवत नाही, तो आत्याने नंतर सांगितलेला आहे. गेरूचे आकडे मात्र मला नक्की आठवतात. पावसाने ते पुसट झाले की मी कोळशाने गिरवायचो आणि मार खायचो.

ईशाने जाण्याआधी नवी लस घेतली, दोन्ही डोस. मँचेस्टरच्या विमानतळावर तिने जॅकेट काढलं तेव्हा मी तिच्या दंडाकडे पाहिलं. काही नव्हतं. या लशीची खूण राहत नाही. मला ते आवडलं नाही.

"बाबा, स्कार नसलं म्हणजे लस नाही असं नसतं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"माहीत आहे, पण चेहरा बघ तुझा."

ती गेली त्या रविवारी मी चौकटीच्या कागदाची निळी वही आणली. साथीच्या आकड्यांचं साप्ताहिक पत्रक इंटरनेटवर निघतं. त्यात देश, प्रांत, आरोग्य विभाग अशी खाली खाली उतरत जाणारी कोष्टकं असतात. ईशाच्या विभागाची ओळ शोधायला पहिल्यांदा पाऊण तास लागला, नंतर अर्धं मिनिट. तीन रकाने: संशयित, तपासून नक्की झालेले, मृत्यू. ते आकडे मी इथे लिहीत नाही. ते त्या माणसांचे आहेत, माझ्या लेखाची सजावट नाहीत. पण वहीत मी दर आठवड्याला ते पेन्सिलने उतरवायचो आणि शेजारी वर किंवा खाली असा बाण काढायचो. बाण खाली असला की दुपारचं जेवण चवीने जायचं.

"हा काय क्रिकेटचा स्कोअर आहे?" मेधा, माझी बायको, म्हणायची. "पोरीला फोन कर की सरळ."

"फोनवर ती सगळं ठीक आहे म्हणते."

"आणि तुझं कोष्टक काय म्हणतं?"

"कोष्टक खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी बोललो होतो. मेधाला ते पाठ आहे.

मी नोकरी करतो ती पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत, आकड्यांच्या टेबलावर. धरणाचं, टाकीचं, नळाचं पाणी बाटल्यांतून येतं, आत तपासणी होते, निकाल माझ्याकडे येतो. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात मी एकच गोष्ट शिकवतो. जंतू सापडले नाहीत, तर शून्य. बाटलीच आली नाही, तर जागा रिकामी. या दोहोंत गल्लत करायची नाही, कारण शून्य वाचून लोक पाणी पितात. बावीस वर्षं मी हे शिकवत आलो आहे.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता ईशाचा व्हिडिओ कॉल यायचा. आमच्याकडे पाच, तिच्याकडे सहा आणि अंधार. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की अर्धं बोलणं ऐकूच यायचं नाही. तिचं मराठी लहानपणापासून आपल्या वाटेने चालतं, मी दुरुस्त करायचं सोडलं आहे. "इथला माती एकदम लाल आहे, बाबा. बूट कधीच साफ होत नाही." तिच्या खोलीत एक मच्छरदाणी, एक बादली आणि भिंतीला पिनांनी लावलेला हाताने काढलेला नकाशा होता. नकाशावर वाड्या, ओढे, आणि मोटरसायकलवाला नमुने घेऊन जातो तो रस्ता लाल शाईने. फोडातला नमुना थंड पेटीत घालून तो माणूस दिवसभर गाडी हाकायचा तेव्हा ती पेटी तपासणीच्या जागी पोचायची.

फुराहाबाईंची ओळख आम्हाला याच फोनवर झाली. ईशा त्यांना मामा फुराहा म्हणायची. तिकडे मामा म्हणजे आई, पोक्त बाईला मानाने तसंच म्हणतात. पन्नाशीच्या, तिथल्याच नर्स. रुग्णाच्या जवळ आलेल्या प्रत्येकावर एकवीस दिवस लक्ष ठेवायचं, कारण लागण झाली असेल तर तेवढ्या दिवसांत दिसते, हे काम त्यांच्याकडे होतं. कार्यालयाने त्यांना टॅबलेट दिला होता. त्या तो पिशवीत ठेवायच्या आणि शाळेची वही वापरायच्या. एका माणसाला एक ओळ, एका ओळीत एकवीस चौकोन. रोज चालत घरी जायचं, माणसाचे तळहात आणि चेहरा बघायचा, मग बरोबरची खूण करायची.

"आणि माणूस घरी नसला तर?" मी विचारलं.

"तर काही नाही. ब्लँक. शेजारीण म्हणाली तो फाइन आहे, शेतावर गेला आहे, तरी मामा फुराहा टिक करत नाही. मी बघितलं नाही, म्हणते, तर मी कसं लिहू?" ईशा हसली. "सेम तुझ्यासारखं. मी तिला सांगितलं, माझा बाबा पण असा बोअरिंग आहे."

मी खूश झालो. त्या बाईला भेटावंसं वाटलं. एकदा त्या स्वतःच फोनपुढे आल्या, डोक्याला पिवळा रुमाल, दातांत फट, आणि काहीतरी म्हणून मोठ्याने हसल्या. ईशाने भाषांतर केलं: "ती म्हणते, तुझी मुलगी चालते हळू आणि बोलते फास्ट."

"बरोबर बघितलंय बाईंनी," मेधा म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली. तिकडे काँगोत घड्याळं हलत नाहीत. म्हणजे आमच्यातलं अंतर एका तासाने वाढलं. कुणी कुठेही गेलं नव्हतं, तरी वाढलं. त्या दिवशी आमच्या पाचला तिच्याकडे सात वाजले होते; तिने कॉलला उशीर झाला म्हणून माफी मागितली, आणि उशीर तिचा नसून आमचा होता.

त्याच आठवड्यात दिवाळी. आमच्या मंडळाचा फराळ एका चर्चच्या हॉलमध्ये असतो, कागदी बशा, हीटरला लागून खुर्च्या. निघण्याआधी मी पत्रक उघडलं. ईशाच्या विभागाच्या ओळीत तिन्ही रकान्यांत काहीच नव्हतं. मी वहीत तिन्ही ठिकाणी शून्य लिहिलं. गोल, नीट, एकाखाली एक. शेजारी खाली जाणारा बाण काढला. आणि हॉलमध्ये चकलीची बशी हातात धरून मी चार-पाच जणांना सांगितलं, "ईशाच्या भागात साथ आटोक्यात आली. या आठवड्यात शून्य."

"वा! मग काय, लवकर येणार म्हणा लेक," एक वहिनी म्हणाल्या. कुणीतरी माझ्या बशीत आणखी एक करंजी ठेवली. मला शुगर आहे, तरी मी ती खाल्ली.

पुढच्या आठवड्यात ओळ पुन्हा तशीच. मी पुन्हा तीन शून्यं लिहिली. त्या रविवारी पाचला फोन आला नाही. सहाला नाही. मेधाने दोनदा लावून पाहिला, तिकडे वाजतच नव्हता. "पाऊस असेल," ती म्हणाली. मी म्हणालो, "असेल. साथ तर संपत आलीय."

मंगळवारी प्रयोगशाळेत एक नवी मुलगी माझ्या हाताखाली शिकायला आली. मी नेहमीप्रमाणे जुनं कोष्टक उघडलं, एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "इथे बाटली पोचली नाही. हे शून्य नाही. आपल्याला इथलं काहीच माहीत नाही, एवढाच याचा..." आणि बोलता बोलता थांबलो. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणालो, पाच मिनिटांत येतो, आणि बाहेर गाड्या लावतात तिथे जाऊन उभा राहिलो.

मेपलची ओली पानं गाड्यांच्या काचांना चिकटली होती. मला दोन आठवड्यांची ती ओळ दिसत होती, आणि तिच्यात मीच भरलेली सहा शून्यं. बावीस वर्षं दुसऱ्यांना बजावलेली गोष्ट मी स्वतः, स्वतःच्या मुलीच्या बाबतीत विसरलो होतो. विसरलो असंही नाही. मला शून्य हवं होतं म्हणून मी ते तिथे पाहिलं. दोन आठवडे त्या भागातून बाटलीच आलेली नव्हती, आणि आता मुलीचा आवाजही येत नव्हता. कुठलं कोष्टक उघडायचं ते मला कळेना. कामाच्या ठिकाणी मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. गाडीच्या टपाला हात लावून मी बराच वेळ उभा होतो, आणि पाच मिनिटांची वीस झाली.

मेधाला फोन केला. "शून्य नव्हतं ते," मी म्हणालो. "रिकामं होतं."

"घरी ये आधी," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी ईशाचा फोन आला. नुसता आवाज, चित्र नाही. ती दुसऱ्या गावाहून बोलत होती.

"बाबा, पूल गेला पावसात. टॉवर पण गेला. सॅम्पल्स सगळी इकडेच पडून होती. सॉरी."

"म्हणजे तिथे केसेस..."

"कमी नाही झाल्या, बाबा. ते दोन वीक सगळ्यात वाईट होते."

मग तिने सांगितलं. मामा फुराहांच्या यादीतल्या एका घरात चार महिन्यांचं बाळ होतं. फोड आले, ताप चढला, आई स्वतः आजारी. फुराहाबाईंनी बाळाला कापडात गुंडाळून, छातीशी धरून, पुलाच्या अलीकडच्या केंद्रापर्यंत चालत आणलं. बाळ गेलं. त्याचा नमुना पेटीत होता आणि पेटी पूल ओलांडू शकली नाही. "ते कन्फर्म्डमध्ये कधीच गेलं नाही," ईशा म्हणाली. "इथल्या कागदावर आहे. बाहेर कुठेच नाही."

माझ्या एका शून्याच्या आत एक मूल होतं. तेव्हा मी हॉलमध्ये करंजी खात होतो.

"आता ऐक, आणि पॅनिक होऊ नकोस," ती म्हणाली. "मामा फुराहाला झालंय. काल तळहातांवर फोड आले. मी कालपर्यंत तिच्याबरोबर होते. एका मोटरसायकलवर, एका ताटात जेवत. म्हणून मी आता कॉन्टॅक्ट आहे. केस नाही, कॉन्टॅक्ट. ट्वेंटी-वन डेज मी इकडेच राहणार. आईला तू सांग."

शनिवारचं तिचं परतीचं तिकीट होतं. मेधाने तिच्या खोलीतल्या चादरी बदलल्या होत्या.

मी विचारलं, "लस काम करते ना?"

"बऱ्यापैकी," ती म्हणाली. आम्ही दोघंही आकड्यांची माणसं आहोत. बऱ्यापैकी म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी वहीतली सहा शून्यं खोडरबराने पुसली. कागद तिथे अजून खडबडीत आहे. नव्या पानावर पट्टीने एकवीस चौकोन आखले, सातच्या तीन ओळी. ईशाशी ठरवलं: रोज आमच्या पाच वाजता तिने अंगातला ताप मोजून आकडा पाठवायचा आणि दोन्ही तळहातांचा फोटो. मी बघितल्याशिवाय चौकोनात काही लिहिणार नाही.

"मामा फुराहा स्टाइल," ती म्हणाली.

पहिला दिवस ३६.६. दुसरा ३६.५. माझ्या मुलीचे तळहात मी इतके निरखून कधी पाहिले नव्हते, ती तान्ही असतानाही नाही. उजव्या अंगठ्याखाली सायकलवरून पडल्याची जुनी खूण. रेषांत लाल माती. चौथ्या दिवशी डाव्या तळहातावर, मधल्या बोटाच्या मुळाशी, एक काळा ठिपका. मी फोटो वाढवून वाढवून बघितला, तो फुटून नुसते चौकोन दिसायला लागले. मेधाने चष्मा लावला. "डाग आहे," ती म्हणाली. मी म्हणालो, "फोड आहे." आम्ही ईशाला विचारलं. उत्तर आलं: "मार्कर पेन. आई-बाबा, गेट अ लाइफ."

ऑफिसात मी चार वाजल्यापासून घड्याळ बघायचो. मग कोट चढवून गाडीत जाऊन बसायचो, कारण तो मेसेज माणसांत असताना उघडायचा नव्हता. नोव्हेंबरमध्ये लीड्सला चारलाच दिवे लागतात. काचेवर वाफ धरायची. फोन मांडीवर. आकडा आला की श्वास सुटायचा, आणि दहा मिनिटांत उद्याच्या पाचची भीती सुरू व्हायची. गाडी चालवताना ती असायची, भाजी घेताना असायची. कुणाच्या हातावर पुरळ दिसलं की मी नजर वळवायचो. आत्याने हनुवटी धरली होती ती जागा आठवायची.

नवव्या दिवशी मेसेज आला नाही.

पाच, साडेपाच, सहा. घरी येऊन मी ओट्याशी उभा राहिलो. मेधाने कणीक मळली, पोळ्या केल्या नाहीत. तिने लिहिलं: "ईशू, बरी आहेस ना?" पाठवल्याची एक खूण उमटली, पोचल्याची दुसरी नाही. "टॉवर गेला असेल," ती म्हणाली. पाऊस असेल, असं म्हणत मागे एकदा मी फसलो होतो. वही उघडी होती, नववा चौकोन दुसऱ्या ओळीत दुसरा. सगळीकडे आकडे आणि तिथे पांढरं. त्या चौकोनाकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की रिकाम्या जागेत काहीही मावतं.

दहाव्या दिवशी पाचच्या ठोक्याला आकडा आला. ३७.१. तळहात स्वच्छ होते, फोटो मात्र जरासा हललेला. "कालसाठी सॉरी," एवढंच. मेधा खुर्चीत बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "कालच्या ठिकाणी बरोबरची खूण कर की आता. आज बरी आहे म्हणजे काल बरीच असणार."

"मी बघितलं नाही."

"सुधीर, काय हा हट्ट! तिलाच विचार."

मी विचारलं. ईशाचं उत्तर आलं: "तिथे काही लिहू नकोस, बाबा. तो तसाच राहू दे." मला तिचा अभिमान वाटला. माझा नियम तिला पटला आहे, असं मी समजलो.

३७.१ हा मला आवडलेला नव्हता, पण अकराव्या दिवशी ३६.८ आला, मग ३६.६. एकविसावा दिवस मंगळवार होता. तळहात, आकडा, आणि खाली तिने लिहिलं होतं, "हाऊसफुल." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती घरी आली, चार किलोने कमी, केसांना धुराचा वास. फुराहाबाई बऱ्या झाल्या होत्या. कपाळावर आणि हातांवर व्रण राहिले. त्यांनी माझ्यासाठी निरोप पाठवला होता: तुझी मुलगी आता बरी चालते.

यंदा फ्लूची लस घेऊन आलो त्या शनिवारी ईशा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, शेजारी अर्धी भरलेली बॅग. ती पुन्हा जाणार होती, त्याच जिल्ह्यात, आठ आठवडे. जागतिक आणीबाणी उठली आहे, आजार उठलेला नाही. तिथली माणसं कमी झाली आहेत, मोटरसायकल एकच उरली आहे, आणि पत्रकातली ती ओळ कित्येक आठवडे रिकामी दिसते. मी ती रिकामीच ठेवतो.

"दुखतंय?" तिने माझ्या दंडावरच्या चिकटपट्टीकडे बघत विचारलं.

"थोडं."

तिने देवीच्या खळग्यावर बोट ठेवलं. लहानपणी ती तिथे बटण दाबल्यासारखं करायची. मी निळी वही काढली. या वेळी पहिल्या दिवसापासूनच रोज आकडा, असं मी ठरवून टाकलं होतं. जुनं पान उघडलं आणि तिची नजर नवव्या चौकोनावर गेली.

"बाबा, तिथे ३८.४ होता."

मला आधी कळलं नाही ती काय म्हणते आहे ते.

"नवव्या दिवशी. दुपारपासून थंडी वाजत होती. टीमला सांगितलं, त्यांनी लगेच वेगळं ठेवलं. मलेरिया निघाला, गोळ्या चालू केल्या. पण ते कळायला रात्र गेली. पाच वाजता मला माहीत नव्हतं ते काय आहे. थर्मामीटर हातात होतं. ३८.४ लिहिलं आणि पुसलं. ३६ लिहिता येत नव्हतं. मग काहीच नाही पाठवलं, फोनच बंद केला."

मेधा सिंकपाशी पाठमोरी होती. तिने नळ बंद केला.

"टॉवर गेला नव्हता?" ती म्हणाली.

"नव्हता, आई."

मला राग यायला हवा होता. तो आला नाही. एक वर्षाने, दुपारच्या उजेडात, मुलगी समोर बसून सफरचंद खात असताना मला त्या नवव्या दिवसाची भीती वाटायला लागली.

"आणि आज का सांगतेस?"

"कारण परत जातेय. परत काही होऊ शकतं. तू वर्षाने घाबरण्यापेक्षा त्याच दिवशी घाबर ना. मी पण तिकडे एकटी घाबरत होते. दोघांनी एकदम घाबरलं असतं तर बरं झालं असतं."

मी पेन्सिल घेतली आणि नवव्या चौकोनात ३८.४ लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

"या वेळी जे असेल ते," मी म्हणालो.

"जे असेल ते. आणि तू पण शून्य लिहायचं नाहीस."

"नाही लिहिणार."

ती गेली त्याला आता बारा दिवस झाले. नव्या पानावर परवापर्यंत अकरा चौकोन भरले होते, सगळे छत्तिसाच्या घरातले. घड्याळं अजून मागे गेलेली नाहीत, तिच्या-माझ्यात सध्या एकच तास आहे. फुराहाबाईंनी पहिल्याच दिवशी फोनपुढे येऊन आपले तळहात दाखवले, मग माझे दाखवायला लावले, आणि वहीत बरोबरची खूण केल्यासारखं बोट हवेत फिरवलं.

काल पाच वाजता मेसेज आला नाही. पाच वाजून सहा मिनिटांनी आला. तळहात, आणि आकडा: ३७.९. खाली लिहिलं होतं, "टेस्ट केली, रिझल्ट उद्या. आता घाबर."

मी आकडा लिहिला. मग मेधाला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, तिने वही आपल्याकडे ओढून बघितलं, आणि आम्ही दोघं त्या आकड्याशेजारी बसलो.